डरहॅमच्या वस्तीसाठी निधी जमलाय, तो द्यायचा कसा?

मृण्मयी_डरहॅम

नमस्कार. विषय थोडा वेगळा आहे, पण इथे अनुभवी माणसं बरीच आहेत म्हणून मांडते.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात डरहॅम, कॅरी, मॉरिसव्हिल या पट्ट्यात राहणारी काही मराठी घरं. दिवाळीत एकमेकांना भेटवस्तू देणं आम्ही बंद केलं आणि ते पैसे एका खात्यात टाकायला लागलो. कंपन्यांचं मॅचिंग (कर्मचाऱ्याच्या देणगीत कंपनीने घातलेली भर) धरून वर्षाला दहा-बारा हजार डॉलर जमतात. आजवर सगळे देशात पाठवले. यंदा बहुतेकांचं मत पडलं की निम्मे तरी इथेच द्यावेत, पूर्व डरहॅममधल्या कृष्णवर्णीय वस्तीत.

तिथेच का, तर मी रोज ऑफिसला 147 नंबरच्या हायवेने जाते. तो रस्ता हेटाय नावाच्या वस्तीतून काढलेला आहे. यादवी युद्ध संपल्यावर गुलामीतून सुटलेल्या माणसांनी उभी केलेली ही वस्ती. तिची स्वतःची दुकानं होती, चर्चं होती, थिएटर होतं, लिंकन नावाचं हॉस्पिटल होतं. 1960 च्या दशकात 'शहर नूतनीकरणा'च्या नावाखाली ती पाडायला घेतली आणि वरून हायवे नेला. हजारो माणसं उठली, आणि पुन्हा वसवण्याची जी आश्वासनं दिली होती ती बहुतेक कागदावरच राहिली. माझं माहेर पाटणचं. कोयनेच्या धरणग्रस्तांची पोरं माझ्या वर्गात होती. हेटायची हकीकत ऐकली तेव्हा ती मला कुणी फार समजावून सांगावी लागली नाही.

अडचण पुढे आहे. गेल्या ऑगस्टमध्ये एका गटाने तिथल्या शाळेबाहेर दप्तरं वाटली, मी मदतीला गेले होते. दप्तरं चांगली होती, आत वह्या, पेन्सिली, कॅल्क्युलेटर. पण दप्तर घेतलं की पोराने बॅनरखाली उभं राहून फोटो काढून घ्यायचा, अशी रांग लावली होती. एक आजी नातीला घेऊन आल्या होत्या. फोटोवाला पुढे सरकला तशी त्यांनी नातीच्या चेहऱ्यासमोर आपला तळहात आडवा धरला. बोलल्या काहीच नाहीत. दप्तर परत टेबलावर ठेवलं, नातीचं बोट धरलं आणि निघून गेल्या.

आम्हाला हे असं करायचं नाही, एवढं पक्कं आहे. मग काय करायचं यावर मात्र एकमत होत नाही. कुणी म्हणतं शिष्यवृत्ती, कुणी म्हणतं लॅपटॉप, कुणी म्हणतं आपणच शनिवारी गणिताचे वर्ग घेऊ. आमच्यातले एक काका, मनाने फार चांगले, म्हणतात की ही त्यांची लढाई आहे, आपण उपरे, आपले पैसे आपल्या माणसांना जाऊ देत. त्यांना वादासाठी नाही, पण मनापासून उत्तर द्यायचंय. कुणी असं काम केलंय का? पैसे कुणाला द्यावेत, आणि कुठल्या अटींवर?

सातारकर

मृण्मयी, पाटणची म्हणजे माझ्याच जिल्ह्यातली. मी 1986 पासून रॉलीत आहे, स्ट्रक्चरल इंजिनिअर होतो, आता निवृत्त. जरा सविस्तर लिहितो, कारण जो प्रश्न तुम्ही विचारताय तो शंभर वर्षांपूर्वी याच राज्यातल्या खेड्यापाड्यांत सोडवला गेला होता. पुरता नाही, पण बराचसा. त्या इमारती अजून उभ्या आहेत.

मी सध्या एका जुन्या रोझेनवाल्ड शाळेच्या दुरुस्तीत आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: ज्युलियस रोझेनवाल्ड हा शिकागोच्या सीअर्स रोबक या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीचा प्रमुख, एका ज्यू स्थलांतरिताचा मुलगा. 1911 साली त्याची बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याशी गाठ पडली. वॉशिंग्टन जन्माने गुलाम, तोवर अलाबामातल्या टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचे सर्वेसर्वा झालेले. पुढच्या वर्षी रोझेनवाल्डने आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाला टस्कीगीला 25,000 डॉलर दिले. त्यातली काही रक्कम शिल्लक राहिली तेव्हा वॉशिंग्टननी त्याला विचारलं, यातून खेड्यातल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी सहा शाळा बांधून पाहू का? त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा कायद्याने वेगळ्या. कृष्णवर्णीय मुलांची शाळा म्हणजे बहुधा चर्चची पडवी नाहीतर गळकं खोपट.

सहा शाळांवरून सुरू झालेलं काम 1932 पर्यंत 15 राज्यांत 4,977 शाळांवर गेलं. शिक्षकांची घरं आणि कार्यशाळा वेगळ्या. सगळ्यांत जास्त शाळा आपल्या नॉर्थ कॅरोलायनात झाल्या, आठशेच्या आसपास.

आता पैशाचा हिशेब बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं मर्म तिथे आहे. एकूण खर्च 2 कोटी 84 लाख डॉलर. त्यातले रोझेनवाल्डच्या निधीचे सुमारे 43 लाख. सरकारी करातून 1 कोटी 81 लाख. गोऱ्या शेजाऱ्यांच्या देणग्या 12 लाखांच्या घरात. आणि ज्यांची पोरं त्या शाळेत जाणार होती त्या कृष्णवर्णीय माणसांनी स्वतः दिलेले 47 लाख. म्हणजे ज्याचं नाव शाळांना चिकटलं त्याच्यापेक्षा वाट्याने शेती करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या लोकांनी जास्त दिले. रोख नसेल त्यांनी जमीन दिली, झाडं तोडून फळ्या काढून दिल्या, सुट्टीच्या दिवशी अंगमेहनत केली. काही गावांत शाळेच्या नावाने कापसाचा एक तुकडा राखून ठेवत आणि त्याचं येईल ते शाळेच्या पेटीत टाकत. रोझेनवाल्डची अटच होती की गावाने आपला वाटा उभा केल्याशिवाय निधीचा वाटा मिळणार नाही, आणि काउंटीने (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाने) इमारत ताब्यात घेऊन ती शाळा चालवली पाहिजे. ज्या गोऱ्या शिक्षण मंडळांनी या मुलांवर दमडी खर्चली नसती, त्यांच्याही हातून या अटीमुळे पैसा निघाला.

इमारतीबद्दल न बोलता मला राहवणार नाही. सुरुवातीचे नकाशे टस्कीगीचे रॉबर्ट टेलर यांच्या हाताखाली तयार झाले. टेलर हे एमआयटीतून पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय, साल 1892. खेड्यात वीज नव्हती, म्हणून वर्गखोल्या अशा बसवल्या की उजेड पूर्वेकडून किंवा पश्चिमेकडून आत यावा. एका भिंतीत उंच उंच खिडक्यांची सलग ओळ, आणि बाकांची मांडणी अशी की उजेड मुलाच्या डाव्या खांद्यावरून वहीवर पडावा, लिहिणाऱ्या हाताची सावली अक्षरावर येऊ नये. दोन वर्गांच्या मध्ये सरकवता येणारी फळ्यांची भिंत. ती बाजूला केली की गावाच्या सभेसाठी दिवाणखाना तयार. चाळीस वर्षं मी पूल आणि पार्किंगच्या इमारती तपासल्या, पण कमी पैशात इतका विचार केलेलं बांधकाम क्वचित पाहिलं.

आमच्या शाळेचं काम माजी विद्यार्थ्यांची समिती चालवते. बहुतेक जण ऐंशीच्या पुढचे. खिडक्यांच्या चौकटी कुजल्या होत्या. एक देणगीदार म्हणाला, सगळ्या ॲल्युमिनियमच्या बसवतो, पैसे मी देतो, दारावर माझ्या नावाची पाटी लावा. समितीने बैठक घेतली. त्या बैठकीत एक आजी उठल्या. त्यांच्या वडिलांनी शाळेसाठी पाइनची झाडं दिली होती. त्या म्हणाल्या, त्याच लाकडाच्या खिडक्या पाहिजेत, आणि दारावर कुणाचंच नाव नको. देणगी नाकारली. लाकडी खिडक्यांसाठी पैसा जमवण्यात आणखी वर्ष गेलं, चर्चमध्ये जेवणावळी घातल्या, आणि आता त्या बसल्या आहेत, दोरी आणि वजनावर उघडणाऱ्या, जशा होत्या तशा. आम्ही बाहेरचे चार जण होतो, आमचं काम मोजमापं घेणं आणि विचारलं तर सांगणं.

दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. ही माणसं कर भरत होती. त्यांच्या कराचा पैसा काउंटी गोऱ्या मुलांच्या विटांच्या शाळांवर खर्च करत होती. आणि मग स्वतःच्या पोरांच्या शाळेसाठी त्यांनाच पुन्हा खिशात हात घालायला लावलं. एकाच गोष्टीचे दोनदा पैसे. 'लोकसहभाग' हा शब्द आपण फार सहज वापरतो, पण ज्याचं आधीच लुटलं गेलंय त्याच्याकडे पुन्हा वाटा मागणं हा न्याय नाही. रोझेनवाल्डने वेगळ्या शाळांची व्यवस्था मोडायचा आग्रह धरला नाही, हेही खरं. मी त्याला मोठा माणूस मानतो आणि हे दोन्ही आक्षेपही मानतो.

पण पुढे काय झालं तेही बघा. जॉन लुईस, जे मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चात सेल्माच्या पुलावर पोलिसांच्या लाठ्या खाऊन पुढे काँग्रेसमध्ये गेले, ते अलाबामात अशाच शाळेत शिकले. रोझेनवाल्ड फंडाने कृष्णवर्णीय लेखक, कलावंत, संशोधकांना फेलोशिप दिल्या. त्यात केनेथ आणि मेमी क्लार्क हे मानसशास्त्रज्ञ जोडपं होतं. बाहुल्या दाखवून लहान मुलांच्या मनावर वेगळेपणाचा काय परिणाम होतो हे त्यांनी अभ्यासलं. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1954 च्या निकालात त्या कामाचा आधार घेतला गेला. म्हणजे वेगळ्या शाळा बांधणाऱ्या पैशातूनच वेगळ्या शाळा मोडणारं हत्यार घडलं. रोझेनवाल्डला कायमचा ट्रस्ट नको होता. मुद्दलासकट सगळा पैसा खर्चून तो फंड 1948 साली बंद झाला.

मी रयतच्या शाळेत शिकलो. माझी आजी रोज भाकरीचं पीठ काढताना मूठभर धान्य वेगळ्या गाडग्यात टाकायची, ते कर्मवीरांच्या बोर्डिंगला जायचं. मुष्टिफंड म्हणायचे त्याला. तिला अक्षर येत नव्हतं, पण बोर्डिंगमध्ये काय चाललंय हे ती हक्काने विचारायची. तो हक्क त्या मुठीने आणला होता.

म्हणून माझं सांगणं: शिष्यवृत्ती की लॅपटॉप हे तुम्ही ठरवूच नका. पूर्व डरहॅममध्ये कुणीतरी आधीपासून काहीतरी करतंय. चर्चच्या तळघरात अभ्यासिका चालवणारी बाई असेल, भाडेकरूंची संघटना असेल. त्यांच्या बैठकीला जाऊन मागच्या रांगेत बसा, वर्षभर पैशाचा विषय काढू नका. मग विचारा की तुमचं कुठे अडतंय. आणि त्यांच्याकडून रोख वाटा मागू नका. त्यांचा वाटा आधीच पडलेला आहे.

स्नेहल_अटलांटा

सातारकर काका, लाकडी खिडक्यांचं वाचून फार बरं वाटलं.

मी जॉर्जियात मालमत्तेच्या कायद्यात काम करते, कोल्हापूरची. मृण्मयी, एक असं काम सुचवते ज्याला फोटो काढण्यासारखं काहीच नसतं आणि म्हणून देणगीदार सहसा येत नाहीत.

सातबाऱ्यावर पणजोबाचं नाव आणि खाली वीस-पंचवीस वारस, हे आपल्याला नवीन नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या जमिनींचं तेच झालंय. याला इथे 'एअर्स प्रॉपर्टी' म्हणतात. गुलामीतून सुटलेल्या माणसाने पोटाला चिमटा काढून जमीन घेतली. मृत्युपत्र केलं नाही, कारण कोर्ट गोऱ्यांचं, वकील गोरा, आणि तिथे जाऊन कागद करणं म्हणजे हातातलं गमावण्याची भीती. जमीन तोंडी वारसांकडे गेली, पिढ्या वाढल्या, नावावर मात्र पणजोबाच. आता शिकागोत राहणाऱ्या एखाद्या चुलत भावाला बिल्डर गाठतो, त्याचा बारीकसा हिस्सा किरकोळ पैशात विकत घेतो आणि सहहिस्सेदार म्हणून कोर्टात वाटप मागतो. जमिनीचे तुकडे पडत नाहीत असं कोर्टाला वाटलं की सगळ्याच जमिनीचा लिलाव. रोख पैसे घेऊन लिलावाला उभा असतो तोच बिल्डर. शेवटच्या माणसाचं घर त्या जमिनीवर असतं, त्याने आयुष्यभर कर भरलेला असतो, आणि एका सकाळी त्याला नोटीस येते. अशी नोटीस घेऊन आलेली माणसं मी रोज बघते. बहुतेक जण ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, कराच्या सगळ्या जुन्या पावत्यांसकट आणतात.

1920 साली अमेरिकेत सव्वानऊ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय शेतकरी होते. आज ते सगळ्या शेतकऱ्यांच्या दोन टक्केही नाहीत. सरकारी कर्जातला भेदभाव, धमक्या, शहरांकडे स्थलांतर अशी कारणं बरीच आहेत, त्यातलं एक मोठं कारण हे. जमिनीवरचं नाव स्वच्छ नसलं की बँक कर्ज देत नाही. वादळात घर पडलं तर सरकारी मदतही वर्षानुवर्षं नाकारली जायची, 2021 साली तो नियम थोडा सैल झाला. 2010 साली एक नमुना कायदा तयार झाला आणि जॉर्जियाने तो 2012 साली घेतला. त्यात इतर वारसांना तो हिस्सा आधी विकत घ्यायची संधी मिळते आणि लिलावाऐवजी बाजारभावाने विक्री होते. कायदा चांगला आहे, पण तो वापरायला वकील लागतो.

तुमच्या डरहॅममध्येच 'लँड लॉस प्रिव्हेन्शन प्रोजेक्ट' नावाची संस्था आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या कृष्णवर्णीय वकिलांच्या संघटनेने ती 1982 साली काढली. अशा संस्थांना मोजणीचा खर्च, जुनी कागदपत्रं शोधायचा खर्च, वारस हुडकायचा खर्च सतत असतो. तुमच्या निधीतून एखाद्या घराची मोजणी आणि कागद झाले तर ते घर त्या कुटुंबाकडे राहतं. यापेक्षा ठोस काम मला तरी माहीत नाही.

बीडकर

कुणाच्या भावना दुखवायच्या नाहीत, पण मृण्मयीताईंच्या त्या काकांचं मला पटतं. माझ्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पावसाळ्यात दोन वर्ग एका खोलीत बसतात. ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं दिवाळीनंतर शाळेतून गायब होतात ती उन्हाळ्यातच दिसतात. अमेरिका जगातला श्रीमंत देश. त्यांचं सरकार त्यांच्या लोकांचं बघेल. आमच्या पोरांचं कोण बघणार? तुम्ही निम्मे पैसे कमी केले तर इथे कुठेतरी काहीतरी थांबणार, हेही लक्षात घ्या.

प्रज्ञा_नागपूर

बीडकर दादा, तुमचं दुखणं खरं आहे आणि ऊसतोडीच्या पोरांचा निधी कमी होऊ नये असंच मलाही वाटतं. पण 'त्यांचं सरकार बघेल' हे वाक्य आपल्या वस्त्यांबद्दलही शंभर वर्षं ऐकलंय. बघत नाही सरकार. लोक मागे लागले की मग बघतं.

काकांच्या 'आपण उपरे' याला माझं उत्तर असं. 1965 पर्यंत भारतातून अमेरिकेत कायमचं राहायला जाणाऱ्यांचा कोटा वर्षाला 100 माणसांचा होता. देशादेशांत भेद करणारे ते कोटे 1965 च्या कायद्याने उठले. 1964 चा नागरी हक्क कायदा, 1965 चा मतदान हक्क कायदा आणि हा कायदा एकाच लाटेतले आहेत. ती लाट कुणी उठवली? अलाबामातल्या माँटगोमेरीत बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध वर्षभर बसवर बहिष्कार टाकून पायी चालणाऱ्या बायकांनी, फक्त गोऱ्यांसाठीच्या उपाहारगृहांत मार खात बसून राहिलेल्या विद्यार्थ्यांनी. 1960 चं ते ग्रीन्सबोरोचं धरणं तुमच्याच राज्यातलं. त्यांनी दार ढकललं म्हणून पुढे पुण्या-मुंबईचे इंजिनिअर आत गेले. डरहॅममध्ये दिलेला पैसा मी उपकार मानत नाही, परतफेड मानते.

आणि हे नातं आजचं नाही. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केली ज्यांनी तिथली गुलामगिरी संपवायला स्वतःला झोकून दिलं. बाबासाहेब 1913 साली सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. 1946 साली त्यांनी ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाची प्रत मागितली. इथल्या अस्पृश्यांचा प्रश्न आणि तिथल्यांचा प्रश्न त्यांनी शेजारी ठेवून पाहिला. 1972 साली मुंबईत पोरांनी संघटना काढली तिचं नाव दलित पँथर, ते ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून.

मृण्मयीताई, तुमच्याबद्दल आदर आहे म्हणूनच एक विचारते. निधीच्या बैठकीला जी घरं बसतात त्यात आमच्या वस्तीतून आलेलं एक तरी घर आहे का? माझा मावसभाऊ अमेरिकेत आहे, मराठी कार्यक्रमांना जायचं त्याने बंद केलं, कारण आडनावावरून सुरू झालेल्या गप्पा कुठे जातात हे त्याला पाठ झालंय. सिएटलला 2023 साली जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घालावी लागली, ती आपल्याच माणसांमुळे. पूर्व डरहॅमला जा, जरूर जा. पण तिथे समतेबद्दल बोलताना घरातल्या या गोष्टीवरही बोलायची तयारी ठेवा. तिथली माणसं विचारतील, त्यांना जात कळते.

वैशाली_शार्लट

प्रज्ञाने माँटगोमेरीचा उल्लेख केला म्हणून. जॉर्जिया गिल्मोर नावाची स्वयंपाकीण होती तिथे. 1955-56 च्या त्या बहिष्कारात तिने आणि तिच्या मैत्रिणींनी तळलेली कोंबडी, सँडविच, पाय, केक करून विकले आणि तो पैसा पेट्रोलला, माणसं ने-आण करणाऱ्या गाड्यांना दिला. आपल्या गटाला त्यांनी 'क्लब फ्रॉम नोव्हेअर' म्हटलं. पैसे कुठून आले विचारलं तर उत्तर, कुठूनच नाही. कारण त्यातल्या कितीतरी बायका गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या, नाव फुटलं तर नोकरी जायची. गिल्मोरबाईंनी कोर्टात साक्ष दिली तेव्हा त्यांची नोकरी गेलीच. मग त्यांनी घरातच खाणावळ चालू केली, आणि डॉ. मार्टिन ल्यूथर किंग तिथे जेवायला येत.

मृण्मयी, बॅनरचा प्रश्न माझ्या मते इथेच सुटतो. निधीला नावच देऊ नका. आमच्या गटात कुणाचं नाव लागणार नाही हे पहिल्या दिवशी ठरलं, दोन घरं त्यावरून बाहेर पडली. उरलेली टिकून आहेत.

हेमंत_सीपीए

थोडं व्यवहाराचं. संस्थेचा फॉर्म 990 (सरकारला दरवर्षी द्यायचा जमाखर्चाचा तपशील) कुणालाही बघता येतो, तेवढा वाचा आणि त्यांना वेगळे अहवाल मागू नका. पाच हजार डॉलरसाठी वीस पानांचा अर्ज भरायला लावणारे देणगीदार मी बघितलेत, त्यात माणसांचे आठवडे जातात. एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा तीन वर्षं दरवर्षी इतके देऊ असं लिहून द्या, म्हणजे त्यांना माणूस नेमता येतो. आणि पैशावर 'फक्त अमुकसाठी' असा शिक्का मारू नका. विजेचं बिलही कुणीतरी भरायचं असतं. 2020 साली मॅकेन्झी स्कॉट या अब्जाधीश देणगीदार बाईंनी कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक महाविद्यालयांना कोट्यवधी डॉलर दिले ते कुठल्याही अटीशिवाय, तुमच्या राज्यातल्या नॉर्थ कॅरोलायना ए अँड टीला 4 कोटी 50 लाख. मोठ्यांना जमतं ते आपल्यालाही जमेल.

आणखी एक. पैसे देईपर्यंत ते कुठल्यातरी बँकेत पडून असणारच. डरहॅमची मेकॅनिक्स अँड फार्मर्स बँक कृष्णवर्णीयांनी 1907 साली स्थापन केली, पुढच्या वर्षी पॅरिश स्ट्रीटवर सुरू झाली, आजही चालू आहे. ठेव विम्याने सुरक्षित असते. खातं तिथे हलवा. एक डॉलरही खर्च न करता पहिल्या दिवसापासून पैसा त्यांच्या कामाला लागेल.

मृण्मयी_डरहॅम

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बैठक झाली, काकांनी पूर्ण धागा वाचून आणला होता. 1965 चं वाचून ते बराच वेळ त्यावरच बोलत होते, ते स्वतः 1971 साली आलेले. बीडकर, तुमचा मुद्दा सगळ्यांना लागला. देशातली रक्कम कमी करायची नाही, इथली वरून उभी करायची असं ठरलं. प्रत्येक घराचा वाटा वाढेल.

प्रज्ञा, उत्तर नाही असं आहे. एकही घर नाही. यावर बैठकीत शांतता झाली आणि मग दोघांनी विषय बदलायचा प्रयत्न केला, मी बदलू दिला नाही. पुढची बैठक त्याच विषयावर आहे. ती सोपी जाणार नाही, पण होणार.

खातं पॅरिश स्ट्रीटच्या बँकेत हलवतोय. बॅनर नाही, नाव नाही. हेटायच्या एका चर्चच्या अभ्यासिकेत आम्ही दोघी-तिघी जायला लागलोय, तिथे अजून पैशाचा विषय काढलेला नाही. जमिनीच्या कामाबद्दल संस्थेला पत्र लिहितोय. स्नेहल, एक शंका: वारस हुडकायचं काम वकील नसलेली माणसं करू शकतात का? आमच्यातल्या चौघांना शनिवार मोकळा असतो.

स्नेहल_अटलांटा

करू शकतात, पण संस्थेला विचारून आणि त्यांच्या वकिलाच्या देखरेखीखाली. माहिती कुटुंबाची असते, ती बाहेर जाता कामा नये. बहुतेक वेळा वंशावळ तीन ठिकाणी मिळते: घरच्या बायबलच्या पहिल्या पानांवर, चर्चच्या रजिस्टरमध्ये आणि अंत्यविधीच्या छापील पत्रिकेत, जिच्यात मागे राहिलेल्या सगळ्यांची नावं असतात. 1950 पर्यंतची जनगणनेची पानं खुली आहेत, ती घरबसल्या वाचता येतात. हस्ताक्षर वाचायची चिकाटी लागते आणि नावांची स्पेलिंग दर दहा वर्षांनी बदललेली असतात, म्हणून वय आणि शेजारच्या घरांची नावं धरून माग काढायचा. एका कुटुंबाला कधी एक शनिवार लागतो, कधी सहा महिने. संस्थेकडून होकार आला की मला मेसेज करा, मी वंशावळीचा तक्ता भरायची आमची पद्धत पाठवते.